गाण्यात राहून गेलेलं नाव

पडदा वर जातो तेव्हा विंचूरच्या बाहेरचं एक कांद्याचं खळं दिसतं. डावीकडे उन्हाळ कांद्याची रास. उजवीकडे पत्र्याची शेड आणि तिच्याखाली धुतलेली पांढरी गाडी, सावलीत निवांत. मधोमध, डोक्यावर ऊन घेऊन, कांदा निवडणाऱ्या बायांची टोळी. एरवी इथं हातांइतकीच तोंडं चालतात, पण आज दोन्ही थांबलेली. साऱ्यांची नजर फाटकाकडे.

फाटकातून साळूबाई आत येते. पासष्टीची, सडपातळ, काखेत भाकरीचं फडकं. प्रवेश असा, की रंगमंचावर हयात घालवलेल्यानंही उठून उभं राहावं.

आज ती हात जोडणार की नाही, यावर टोळीचं काम राहणार की जाणार, ते ठरायचं होतं.

घडलं होतं ते एवढंच. साळूबाईला गाणी जुळवायची खोड. हळदीच्या मांडवात विहिणीची फजिती करावी तर तिनंच. तोच गळा ती खळ्यावर चालवायची. तिची नात योगिनी नाशिकला कॉलेजात. पोरीला रॅपचं वेड. सुट्टीत ती आजीसोबत खळ्यावर आली, भाकरीच्या वेळी आजीचं गाणं फोनवर भरून घेतलं, त्याखाली धडधडता ठेका लावला आणि दिलं इंटरनेटवर सोडून.

"शेठच्या गाडीला शेडची सावली,
उन्हात भाजली पोरांची मावली!
शेठचं पोट असं पुढं आलं,
त्याच्याच सावलीत खळं मावलं!
गाडी म्हणे, शेठ, एसी लाव,
बाई म्हणे, मला बी सावलीत लाव!"

गाणं चहाच्या टपरीवर वाजलं, ट्रॅक्टरवर वाजलं, वरातीत वाजलं. पोरं व्यापाऱ्यांच्या पोटाकडे बघून हसायला लागली. आजीला त्रास नको म्हणून योगिनीनं खळ्याच्या मालकाचं, कोंडाजी शेठचं, नाव तेवढं गाळलं होतं. झालं उलटंच. पोट सुटलेला आणि गाडी शेडखाली लावणारा प्रत्येक शेठ गाणं स्वतःवर ओढून घेऊ लागला. साऱ्यांनी मिळून कोंडाजीला गाठलं. "तुझ्या खळ्यावरची बाई, तूच आवर." कोंडाजीनं निरोप धाडला: सकाळी सगळ्यांसमोर माफी, तिचा व्हिडिओ, नाहीतर टोळीला विंचुरात कुणी उभं करणार नाही.

"आजी, मी गाणं काढून टाकते," योगिनी रडकुंडीला आली होती.

"काढू नको. चूक कुठं झाली ते मला कळलंय," एवढंच म्हणून साळूबाई निघाली होती.

खळ्यावर लंकाबाई तिच्याच पाटीला पाटी लावून बसणारी. ती दबक्या आवाजात म्हणाली, "साळूबाई, आज जिभेला गाठ मार गं. माझी सून बाळंत व्हायचीय."

"तुझ्या सुनेला काय मी अडवलंय?"

कुणी हसलं नाही.

कोंडाजी शेठ शेडखालून पुढं आला. बरोबर दोघं-तिघं व्यापारी. एकानं फोन समोर धरला. कोंडाजीच्या कपाळावर घाम होता. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत हसं झालेला माणूस होता.

"बोला मावशी. काय ते एकदाच बोला."

साळूबाईनं फडकं खाली ठेवलं. हात जोडले. बायांनी माना खाली घातल्या.

"चूक झाली शेठ. गाण्यात तुमचं नाव राहून गेलं."

फोनवाल्यानं कोंडाजीकडे पाहिलं.

"हळदीत आम्ही विहिणीला नाव घेऊन बोलतो. ती समोर उभी ऱ्हाती, तिच्या बाजूच्या बाया उत्तर देत्यात, आन् मग सगळ्या मिळून जेवतो. नाव न घेता बोलणं म्हंजी पाठीत खडा मारणं. पोरीला ते ठाव नव्हतं. आता नीट म्हणते."

आणि तिनं म्हटलं. ठेका नाही, ढोलकी नाही. "कोंडाजी शेठच्या गाडीला शेडची सावली" इथपासून पोटापर्यंत, सगळं, त्याच्या डोळ्यांत बघून. शेवटची ओळ संपली तेव्हा लंकाबाईनं तोंडात पदर कोंबलेला होता, हसू की रडू तिचं तिलाच ठाऊक. कोंडाजीचा चेहरा तांबडालाल. त्यानं फाटकाकडे बोट उचललं.

तेवढ्यात खळ्याला लागून असलेल्या घराच्या ओट्यावर काठी आपटली. कोंडाजीची आई, अक्काबाई. साऱ्या हयातीत तिनं मांडवातलं बोलणं फुकट जाऊ दिलं नव्हतं.

"साळूच्या जिभेला सुरीची धार,
कांदा राहिला, मालक केला ठार!
पोट माझ्या लेकाचं माझ्याच भाकरीचं,
तुझ्या डोळ्यांत का सलतं गं लोकाघरचं?"

मग पहिली साळूबाईच हसली, खळखळून, आणि तिच्यामागून टोळी, आणि फोनवाला व्यापारीसुद्धा.

"कोंड्या, हात खाली घे," अक्काबाई म्हणाली. "उत्तर गेलंय आपलं. आता भांडण ऱ्हायलं नाय. गाडी काढ तिथनं, बायांना बसू दे. आन् गूळ आणा."

गाडी बाहेर निघाली. ती उन्हात गेली तेव्हा कोंडाजीनं एकदा वळून पाहिलं, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

योगिनीनं पुढे अक्काबाईचं कडवंही जोडलं, दोघींची नावं घालून. आता हळदीत डीजेवाल्याला तेच लावायला सांगतात. आसपासच्या खळ्यांवर सावलीसाठी हिरव्या जाळीचे मांडव आले. जिथं नाहीत तिथं बाया कामाला बसताना फोनवर गाणं लावतात आणि त्यात आपल्या मालकाचं नाव घालून म्हणतात. यंदा कोंडाजीच्या घरच्या लग्नात त्यानं स्वतः ते दोनदा वाजवायला लावलं. अक्काबाई तेव्हा हयात नव्हती. तिच्या कडव्याला साळूबाई उभी राहिली आणि संपेपर्यंत बसली नाही.

गेल्या महिन्यात योगिनीला नाशिकला मोठ्या कार्यक्रमात बोलावणं आलं. नवं गाणं शहरातल्या एका बिल्डरवर होतं आणि तो पहिल्या रांगेत बसणार होता. नाव घालावं की गाळावं, पोरीचं ठरेना. निघताना ती पाया पडायला वाकली, तशी साळूबाईनं निवडायचा कांदा बाजूला ठेवला.

"नाव घेऊन म्हण. आन् म्हणून झालं की पळू नको, त्याचं उत्तर ऐकून ये."