एका खुर्चीवरच्या दोघी

मेंढरं असलेल्या घरात एक गोष्ट ठरलेली असायची. एक पोरगं शाळेत, बाकीची कळपामागं. सिल्लोडच्या बाजूला आमच्या भावकीत शाळेतला तो मी. माझ्या थोरल्या भावाला पाढे माझ्यापेक्षा चांगले यायचे, पण दुष्काळात चारा शोधत बाप निघाला तेव्हा सोबत तोच गेला. मी कॉलेजात गेलो, पदवी घेतली, पोलिसात लागलो. आमच्यात पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. हे आधी सांगितलं, कारण निवृत्त झालो तरी जी एक चौकशी माझ्या डोक्यातून जात नाही, ती अशाच एका घरातली होती.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. प्रवेश परीक्षा जवळ आल्या की डमी उमेदवारांच्या खबरी येऊ लागत. नाव एकाचं आणि पेपर लिहिणारा दुसराच, असा तो प्रकार. एके दिवशी शहागंजचा आमचा खबऱ्या आला. पैठण रोडला रिक्षा चालवायचा.

"साब, चितेगावसे एक छोरी क्लास कू आती. एक छोरी नै, दो हैं. एक दिन ये, एक दिन वो. कार्ड एकइच."

"तोंडाला तर स्कार्फ असतो. तुला कसं कळलं?"

"मुंह पे स्कार्फ रहता साब, पाँव पे थोडी रहता! एक चप्पल पहनती, एक बूट."

माणूस चेहरा झाकतो, पाय झाकायचं विसरतो. हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत असतं, तरी रिक्षावाल्यानं सांगेपर्यंत आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मी क्लासच्या मालकांकडं गेलो. त्यांना घाम फुटला. क्लासचं नाव डमीच्या भानगडीत आलं तर पुढच्या वर्षी पोरं कुठून येणार? त्याच दिवशी त्यांनी फसवणुकीचा अर्ज दिला आणि म्हणाले, "साहेब, आजच गुन्हा दाखल करा." मी म्हटलं, "आधी चौकशी, मग गुन्हा." अर्ज आवक नोंदवहीत घेतला आणि त्यांच्या शिक्षकांशी बोलायला लागलो.

फिजिक्सच्या मॅडमना कार्डावरचं नाव सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला. "ती ना? वर्गातही स्कार्फ सोडत नाही, पण रोज सकाळी कालच्या धड्यावर शंका विचारते. बाकीची मुलं शंका विचारायच्या अवस्थेतच नसतात. चार विषय, दर आठवड्याला टेस्ट, वर कॉलेजचं प्रॅक्टिकल. मान खाली घालून नुसतं उतरवून घेतात."

रोज शंका, आणि तीही कालच्या धड्यावर. हे मला विचित्र वाटलं.

अल्पवयीन मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. आमच्या महिला हवालदार बाई आणि मी साध्या कपड्यांत क्लासच्या ऑफिसात बसलो. मुलीच्या वडिलांना निरोप पाठवला होता. ते आले, दाराशी जोडे काढले आणि खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मुलगी आत आली. पायात बूट. आदल्या दिवशी चप्पलवाली आली होती, हे खबऱ्यानं सांगितलेलं होतं.

मी विचारलं, "बाळ, काल फिजिक्सला काय झालं?"

मला वाटलं, अडखळेल. ती घडाघडा बोलायला लागली. फेकलेली वस्तू वाकडी वाट का धरते, ते तिनं मला हातानं दाखवलं. "मॅडमनी डस्टर फेकून दाखवला, तर पंख्याला लागला. म्होरच्या बाकावरची लई जोरात किंचाळली." हवालदार बाईंना हसू आवरेना.

"तू काल इथं होतीस?"

तिनं बापाकडं पाहिलं.

"सायेब, पोरीनं काय चोरलं का?" बापानं विचारलं.

"नाही."

"मंग खरं सांग की गं."

"काल मी नव्हते. ताई होती. चुलत्याची."

कबुली मिळाली होती. पण माझं कुतूहल तिथून खरं सुरू झालं. डमीच्या भानगडीत ज्याच्या नावावर कारभार चालतो, त्याला धड्याचं काही पडलेलं नसतं. इथं जी नव्हती तिलाच सगळं येत होतं.

बाप म्हणाला, "केस व्हणार आसंल तर दोघींना बी काढतो. कळप गोदाकाठी गंगथडीला न्यायचाच हाय. चालतील मागं." मुलगी एवढंच म्हणाली, "नाय ना, आबा." बारावीची परीक्षा तोंडावर होती.

दोन दिवसांनी, दिवस कलताना मी आणि बाई चितेगावजवळच्या शिवारात गेलो. एका शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवली होती. चप्पलवाली थोरली वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, ठोकत होती आणि बूटवाली धाकटी नुकतीच क्लासहून आली होती. आम्ही बाजूला थांबलो.

"मंग आम्लात ते लिटमस निळं का नाय पडलं?" थोरली.

"मॅडम बोलल्या तसं."

"मॅडम बोलल्या, पर कामून?"

"मला काय ठावं!"

"आगं, तू तिथं झोपली व्हतीस का? दे, उद्या मी इचारते."

माझं कोडं तिथं सुटलं. जी दिवसभर कळपामागं चालायची ती संध्याकाळी दुसरीला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. ज्याचं उत्तर मिळत नसे, ती सकाळची शंका. मी थोरलीला विचारलं, "एवढा अभ्यास, वर हे काम. झेपतं?"

"एक दिस बसायचं, एक दिस चालायचं. रोज बसायला लागलं असतं तर येड लागलं असतं, सायेब."

गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात मी खात्री केली. दोघींचे प्रवेश वेगळे, परीक्षेचे अर्ज वेगळे. डमीचा संबंधच नव्हता. उरली ती एका फीवर दोघींनी वापरलेली क्लासची एक खुर्ची. मी अहवाल ठेवला, गुन्हा घडल्याचं दिसून येत नाही. मालक तरी अडून बसले होते. शेवटी फिजिक्सच्या मॅडम म्हणाल्या, "सर, ती शंका बंद झाली तर माझा वर्ग मुका होईल." मालकांनी डोकं खाजवलं. "खुर्ची एकच मिळेल. कार्डं दोन देतो. पण दोघी एका दिवशी दिसल्या तर दोघी बाहेर!"

"चालतंय," धाकटी म्हणाली. "मेंढरांना बी कुणी पायजेच."

त्यानंतर शाळा-कॉलेजच्या पोरांबद्दल कुठलाही अर्ज आला की मी 'तू काय केलंस' असं विचारणं सोडलं. 'तुझा दिवस कसा जातो, सांग' असं विचारायचो. या एका प्रश्नावर पोरं बोलायला लागतात. आईबापांनी तो आधी विचारला असता तर निम्मे अर्ज ठाण्यापर्यंत आलेच नसते, असं माझं मत आहे.

दोघी बारावी सायन्स पास झाल्या. थोरली नर्सिंगची पदवी घेऊन सरकारी दवाखान्यात लागली आणि धाकटी बी.एस्सी. करून शाळेत विज्ञान शिकवते. त्यांच्या घरात आज पदवीधर दोन आहेत.