सगळ्यायच्या तोंडची पिपेट

पिपेट ओठाले लावणार, तेवढ्यात सरायनं ती माझ्या हातातून ओढूनच घेतली.

"अरे थांब! ही सगळ्यांच्या तोंडात जाते."

एवढंच. रागावले बी नाई. कोंबडी हाकलावी तसं बोलले. बाकीचे दोघं विद्यार्थी मान खाली घालून हसले.

पिपेट म्हंजे मोजायची काचेची नळी. एक टोक अर्कात, दुसरं तोंडात, अन् श्वासानं वर ओढायचं. तवा तशीच रीत होती. विद्यापीठाच्या संशोधन-गटानं चांद्याले जंगलखात्याच्या गोदामात प्रयोगशाळा थाटली होती. पळसफुलातले रंग अलग करायचं काम. मी महारवाड्यातला पहिला बी.एस्सी. मार्क पाहून सरायनंच घेतलं मले. जात मंग कळली त्यायले.

मंग काम काय देलं? फुलं वेचून आण, भट्टी पेटव, काच धू. काच तेजाबात धुवायची. माझ्या बोटाची कातडी निघे त्यानं. काचेवरचं सगळं जळून जाय, पण माझी उष्टी पिपेट काई शुद्ध होत नाई म्हणे! वा रे रसायनशास्त्र!

सरायचं बजावणं होतं, "फुलं गळायच्या आत जो स्वतः रंग वेगळा काढून दाखवेल, तोच गटात राहील." पिपेटीबिगर मी मोजू कसा? चमच्यानं करून पाह्यलं. वाटीनं पाह्यलं. मोजका अर्क भुकटी भरलेल्या नळीत सोडला, की बाकीच्यायचे पिवळे-केशरी पट्टे निराळे उतरत. माझा नुसता चिखल. रोज चिखल. पार खचलो मी. घास गिळंना. झरपट नदीच्या पुलावर उभा राहून पाण्याकडं पाहत राहावं, अन् मनात भलतंसलतं यावं. आपण मेलो तर बरं, असं खरंच वाटे.

मायले सांगतलं.

"सोसून घे, बाप्पा. एवढ्या दूर आपल्यातला कोनी गेला काय?"

सोसलं. फुलं गळायले लागली.

एक दिवस सर सगळ्यायसमोर म्हणाले, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं रे. उद्यापासून नुसती फुलं आणत जा."

डोकं सणकलं. स्टँडवर धुतलेल्या पिपेटी उभ्या होत्या. पहिली उचलली. तोंडात धरली, अर्क ओढला, खुणेपाशी आणला, सोडला. मंग दुसरी. मंग तिसरी. एक बी उष्टी करायची ठेवली नाई. अर्क दरवेळी बरोबर खुणेवर थांबत होता.

"माजलास काय? माफी माग आधी!"

"माफी कायची, सर? मी मोजून राह्यलो."

त्याच दुपारी नाव कापलं. संध्याकाळी चपराशी घरी आला. माफी मागतली तर फुलं वेचायले ठेवतो, असा निरोप. मायनं माझ्याकडं पाह्यलं. तिचे डोळे भरून आले होते. ते काम घे म्हणत होती ती, मले दिसत होतं.

मी चपराश्याले म्हटलं, "भाऊ, सरायले सांगा, फुलं त्यायनं वेचावी. मी विद्यापीठात चाललो, माझी टेबलाजवळची जागा मागायले. नाई देली तर दारात बसीन. दारातून उठवलं तर पुन्हा येऊन बसीन."