दाराबाहेरच्या गौरी

आमच्या गावाला आता गाव कुणी म्हणत नाही. कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या काठी आमची जुनी वस्ती आहे. दगडी वेस, ओढ्यात उतरणाऱ्या घडीव पायऱ्या आणि चढावर देवीचं देऊळ. चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि पुणं आमच्या अंगावर येऊन बसलं. रविवारी लोक वेस बघायला येतात. फोटोत येतात म्हणून आमच्या दोरीवरचे कपडे काढायला सांगतात. मी काढते. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे तेव्हा येत नव्हतं.

माझं घर ओढ्याला लागून, खालच्या आळीत. थोरल्या जाऊबाईंचं घर वर, देवळाच्या वाटेवर, दोन मजली. सासूबाई आमच्याकडे राहतात. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. घरातल्या गौरींचे दोन पितळी मुखवटे त्यांच्या पत्र्याच्या पेटीत असतात. आत्या जिथं निजतील तिथं पेटी, असा त्यांचा नियम. पण गौरी बसायच्या मात्र जाऊबाईंकडे, कारण जागा त्यांच्याकडे.

गौरी आणायची आमच्या घरची एक रीत आहे. धाकटी सून ओढ्याच्या पायऱ्यांवर मुखवटे धुते, ताटात ठेवते आणि घरापर्यंत आणते. वाटेत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, ताट खाली टेकवायचं नाही. गौरी बसतात थोरल्या सुनेच्या घरी, म्हणून ती दार लावून आत उभी असते. ती आतून विचारते, "कोण आलं?" बाहेरचीनं सांगायचं, "गौर आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." मग दार उघडायचं आणि आणणारीचे पाय धुऊन तिला आत घ्यायचं. आतलीनं विचारल्याशिवाय बाहेरचीनं तोंड उघडायचं नाही. मी लग्न होऊन आल्यापासून बाहेर उभी राहत आले. जाऊबाई आतून जास्तीचे प्रश्न काढायच्या. "येताना काय खाल्लं? इतका उशीर का? रस्ता चुकली का बाई?" उत्तर द्यायलाच लागायचं, पण माझ्या तोंडून शब्द लवकर फुटायचा नाही आणि जमलेल्या बायका हसायच्या. मीही हसायची. काय करणार?

त्या वर्षी पावसाळा सुरू व्हायच्या आत समुद्रावर वादळ झालं. टीव्हीवर कोकणातली पडलेली झाडं दाखवत होते. आमच्याकडे नुसता पाऊस. दुपारी सुरू झाला तो थांबेना. दिवेलागणीला ओढा पायऱ्या सोडून आळीत शिरला. नवरा दूध डेअरीत कामाला, तो पलीकडे अडकला, पुलावरून पाणी चाललं होतं. घरात मी आणि आत्या. मी शिलाई मशीनला हात घातला, तशा आत्या ओरडल्या, "मशीन ऱ्हाऊ दे, गौरी घे!" मी पेटी डोक्यावर घेतली, आत्यांचा हात धरला आणि निघाले. पाणी माझ्या कमरेला लागलं होतं. मशीन, गहू, गाद्या आणि शिवायला आलेले गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊजपीस, सगळं मागं राहिलं.

वर चढून जाऊबाईंचं दार वाजवलं. त्या सज्जात आल्या. खाली बघितलं. आम्ही दोघी गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर पेटी.

"अगं, आजच फरशीला पॉलिश केलंय," त्या म्हणाल्या. "ओलं आहे अजून. जरा थांबा, पाणी उतरेलच."

आत्या खालून म्हणाल्या, "अगं, म्या हाय."

"दिसतंय मला, आत्या. पण घर नव्यानं केलंय, वास्तुशांत तोंडावर आलीय. देवळात जा ना, सगळे तिथंच आहेत."

सज्जाचं दार लागलं. खालचं दार उघडलंच नाही.

आम्ही थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. मला हाक मारायचा धीर झाला नाही. शेवटी आत्याच म्हणाल्या, "चल." देवळाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर त्यांचा पाय घसरला. मी एका हातानं पेटी सावरली आणि दुसऱ्या हातातून आत्या सुटल्या. मनगट मोडलं. ते पुढं जुळलं, पण वाकडं. आत्यांना आता भाकरी थापता येत नाही. परातीपुढं बसतात, पीठ मळायला जातात आणि उठतात.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घरात पिंढरीभर गाळ होता. गहू फुगून आंबले होते, त्यांचा वास आळीभर सुटला होता. मी फावड्यानं गाळ ओढत होते तेव्हा जाऊबाई दारात आल्या. पदर नाकाला. मला वाटलं, आत्यांच्या हाताचं विचारतील.

"माझा तो मोरपंखी ब्लाऊजपीस वाचला का गं?"

घमेलं भरून त्यांच्या पायाजवळून बाहेर नेलं. थोडा गाळ त्यांच्या चपलेवर पडला. तो मी पाडला होता.

गाव सावरायला पहिली माणसं आली ती वेशीसाठी. जुनी वास्तू आहे, दगड ढिले झालेत, म्हणून आधी वेशीवर प्लास्टिकचा कागद घातला. आम्हाला तो नंतर मिळाला, वेशीवरून उरलेला. नवऱ्यानं मशीन खोलली, रॉकेलनं धुतली, तेल घातलं. चालते, पण खरखरते. भिंती उन्हात वाळवल्या. गाळाची रेघ तेवढी राहिली, माझ्या गळ्याइतकी उंच.

"तिच्यावर चुना मारतो," नवरा म्हणाला.

"राहू द्या."

"कशाला?"

"मला बघायला लागते."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ब्रश डब्यात ठेवला. वहिनीशी भांडायला तो कधी गेला नाही. मीही त्याला पाठवलं नाही. हे काम मला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं नव्हतं. मशीनवर बसलं की मनात तेच शिवत राहायची. कधी वाटायचं, त्यांच्या घरात पाणी शिरावं. पण त्यांचं घर उंचावर. तिथं पाणी चढायचं तर अख्खं पुणं बुडायला हवं होतं. तेवढं मागायला मन धजलं नाही. फार थोडक्यात राहिलं.

भाद्रपद आला. जाऊबाई पेटी न्यायला आल्या. त्यांचा हात पेटीकडे गेला, तशी मी मध्ये उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

मी पेटीला पाठ लावली. कॉटवरून आत्या म्हणाल्या, "यंदा गौरी हितं बसतील. जिनं वाचवल्या तिच्या घरात."

"इथं? या ओलीत?" जाऊबाई हसल्या. "गौरींना दमा लागेल, आत्या."

"लागू दे. औषीद देऊ."

"आणि आणायच्या कुणी?"

"ज्या घरी गौर बसती, तिथली बाई आत. दुसरी बाहेर. तूच सांगायचीस ना आजवर?"

जाऊबाई नाही म्हणू शकल्या असत्या. पण मग अख्ख्या आळीनं का म्हणून विचारलं असतं, आणि का ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गौरी यायच्या दिवशी दुपारी भुरभुर लागली होती. रांगोळीची पावलं काढली ती पुसून गेली. मी दार लावून आत उभी राहिले. घंटा वाजत जवळ आली, दारात थांबली. आता मी विचारायचं होतं.

मी विचारलं नाही.

कडीवर हात ठेवून उभी राहिले. दाराच्या फटीतून दिसत होतं. भुरभुरीचा पाऊस झाला. जाऊबाईंची पैठणी पोटरीला चिकटली. त्या दाराकडे बघत होत्या, डोळे मोठे करून. तोंड उघडता येत नव्हतं, ताट टेकवता येत नव्हतं, मागं वळता येत नव्हतं.

"आतली झोपली की काय?" बाहेर एक बाई म्हणाली.

"काज-बटण राहिलं असेल."

"अहो, विचारा की! आम्ही पण भिजतोय."

"तुम्ही छत्रीत आहात. भिजतंय कोण ते बघा."

बहुतेक सगळ्यांना समजलं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पोटात ऊब आल्यासारखं. ते खोटं कशाला लिहू? जाऊबाईंनी दातांत पदराचं टोक धरलं आणि मान वाकवून तो पदर मुखवट्यांवर ओढला. स्वतःचं डोकं उघडं राहिलं. ते मला दिसायला नको होतं.

"इचार की गं," आत्या मागून हळूच म्हणाल्या. "गौर भिजतीय."

मी हलले नाही. तेव्हा त्या कॉटवरून उठल्या, भिंत धरत दारापर्यंत आल्या आणि कडीला हात घातला. दार पुरात फुगलेलं, कडी जाम. त्या वाकड्या मनगटानं ओढत राहिल्या आणि कळ लागून कण्हल्या.

मी त्यांचा हात बाजूला केला. मोठ्यानं विचारलं, आळीत ऐकू जाईल असं.

"कोण आलं?"

"गौर आली." आवाज बसला होता.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

आता दार उघडायचं होतं. पण जास्तीचे प्रश्न काढायची सवय त्यांनीच या घराला लावली होती.

"पाय कोरडे आहेत का?"

आतलीनं विचारलं की बाहेरचीनं उत्तर द्यायलाच लागतं.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "ओले आहेत. चिखलाचे आहेत."

"असू द्या. माझ्या घरात पॉलिश नाही. या आत."

मी कडी हिसडून दार उघडलं. एक बाई हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी खाली बसून जाऊबाईंचे पाय धुतले. रीत होती म्हणून धुतले. आत्या म्हणाल्या, कढत पाणी घे. मी पिंपातलं गारच घेतलं. जाऊबाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या, तर गाळाची रेघ त्यांच्या गळ्याशी आली. त्यांनी ती बघितली. बोटानं पुसून बघितली. ती निघत नाही.

आत्यांच्या हाताबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. नैवेद्याला मात्र पुरणपोळ्या त्यांनी लाटल्या, आत्यांना पाटावर बसवून. मी ते हिशेबात धरलं नाही. दार जाऊबाईंसाठी उघडलं नव्हतं.

गौरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी वर ना?"

"बघू," मी म्हणाले. पेटी आता माळ्यावर असते आणि किल्ली माझ्या मंगळसूत्रात.

त्यांचा मोरपंखी ब्लाऊजपीस वाचला होता. पहिल्याच दिवशी गाळातून काढला, धुतला, वाळवला, इस्त्री केली. मशीनच्या खणात घडी घालून ठेवलाय. सणवार आला की त्या दारात उभ्या राहतात, उंबऱ्याच्या बाहेर, आणि विचारतात, "झालं का गं माझं ब्लाऊज?"

मी मशीन थांबवून मान वर करते.

"ओलं आहे अजून, जाऊबाई. जरा थांबा."