नजर उत्तम

कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. कापड तपासायच्या टेबलाशी ती बसली की विणकामवाल्यांचं धाबं दणाणायचं. टेबलाला वर दुधी काच, काचेखाली ट्यूबलाइट, आणि काचेवरून पांढरं कापड सरसर पुढे जात राहायचं. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा ठिपका, काहीही असो, घारीचा पाय टेबलाखालच्या पट्टीवर पडायचा, कापड थांबायचं आणि दोषावर लाल कागद चिकटायचा. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणतात, ते ही बाई लग्नाआधीपासून करत आली होती. आता केस पिकले, मुलगी सासरी गेली, तरी टेबल सोडायचं नाव नव्हतं.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. तिची आई आंधळी होऊन गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी ती दारं-खुर्च्यांना धडकायला लागली, मग वाढलेल्या ताटाच्या बाहेर हात जायला लागला, आणि शेवटी शेवटी भर दुपारी विचारायची, "दिवा कुणी मालवला गं?" घरच्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिलं. म्हातारपण कसलं, साठीसुद्धा उलटली नव्हती! पण डॉक्टरकडे न्यायचं कुणाला सुचलं नाही. हिलाही नाही आणि धाकट्या बहिणीलाही नाही. ही बहीण पन्नाशीला आली तरी सगळ्यांची बेबीच होती. आईसारखं आपलं होणार का, हा प्रश्न दोघींच्याही मनात होता. दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत.

तर एक दिवस नवऱ्याने मोबाइलवर डोळे तपासायचं ॲप आणलं. तीन दात असलेली कंगव्यासारखी एक आकृती यायची, दात कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. नवऱ्याने मोबाइल धरून खोलीच्या त्या टोकाला उभं राहायचं, हिने एक डोळा झाकून दात कुठे आहेत ते बोटाने दाखवायचं, आणि नवऱ्याने तसं बोट पडद्यावर फिरवायचं. आकृती बारीक होत होत मुंगीएवढी झाली, तरी हिचं एकही चुकलं नाही. शेवटी हिरवा हसरा चेहरा आला आणि खाली लिहून आलं, नजर उत्तम.

तिचा जीव भांड्यात पडला. "अहो, परत लावा बघू," म्हणाली, आणि परत सगळं बरोबर आलं.

मग काय, दर रविवारी परीक्षा. नवरा स्वतः दुसऱ्या आकृतीलाच नापास व्हायचा आणि मोबाइललाच नावं ठेवायचा. बेबी स्कूटरवरून आली की तिचीही परीक्षा व्हायची. तीही पैकीच्या पैकी. "ताई, आपण दोघी आईवर गेलो नाही गं," ती एकदा म्हणाली आणि बोलता बोलता रडली. ताईने तिला जवळ घेतलं. त्या घरात त्या दिवशी खरोखर आनंद होता.

अधूनमधून ताईचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. शेजारी ठेवलेला पेला हात लागून सांडायचा. "डोळे कुठे गहाण टाकलेस?" नवरा चिडवायचा. ती त्याला मोबाइल घेऊन त्याच पावली खोलीच्या टोकाला उभं करायची. नजर उत्तम! झालं, पुन्हा आठवडाभर शांती.

मग कारखान्यात तक्रारी यायला लागल्या. तिच्या हाताखालून गेलेल्या कापडाला काठाशी भोकं निघत होती. मधे एक दोष नाही, सगळे काठाला. सुपरवायझर तिच्या मुलीच्या वयाचा. तो चाचरत म्हणाला, "मावशी, डोळे एकदा दाखवून घ्या ना."

घार भडकली. "मला सांगतोस? काढ मोबाइल." त्याच्याच मोबाइलवर ॲप घेतलं, चार बायकांसमोर परीक्षा दिली आणि त्याचं तोंड बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याने टेबलाच्या कडेच्या ट्यूब बदलल्या. तक्रारी चालूच राहिल्या, तेव्हा ठपका दुसऱ्या पाळीच्या बाईवर गेला.

आणि एका सकाळी कापडाच्या गठ्ठ्यांची ढकलगाडी उजवीकडून आली. ढकलणारा ओरडला, बाकीच्या बायका ओरडल्या. ती मान वळवेपर्यंत गाडी अंगावर आली होती. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर झाल्यावर हाडाच्या डॉक्टरने बाजूने औषधांचा कागद पुढे केला. तो धरून उभाच राहिला. तिने कागद घेतलाच नाही. मग त्याने तो तिच्या डोळ्यांसमोर आणला आणि म्हणाला, "वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. आताच जाऊन या."

त्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूने बोट आणते, दिसलं की सांगा." ती वाट बघत राहिली. बोट दिसलं तेव्हा ते जवळजवळ डॉक्टरबाईंच्या नाकापाशीच आलेलं होतं. मग मशीनवर तपासलं, थेंब घालून तपासलं.

"काचबिंदू आहे. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते."

"पण मोबाइलवर तर सगळं बरोबर यायचं."

"येणारच. तो मधलंच तपासतो."

"मग आता?"

"गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच राखता आलं असतं." आणि मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होता? सख्खी भावंडं आहेत?"

दोन वर्षं म्हणजे ते सगळे रविवार. मोबाइलने खोटं काही सांगितलं नव्हतं, पण ती त्याच्या भरवशावर राहिली होती. दवाखान्यात धावत आलेल्या नवऱ्याने तिला धरून रिक्षात बसवलं. स्वतःचं दुःख करायला तिला वेळच नव्हता. "बेबीकडे घ्या," एवढंच ती रिक्षावाल्याला म्हणाली.

बेबीने प्लास्टर बघून कपाळावर हात मारला, दोघांना बसवलं, चहा ठेवला. ताईने सगळं सांगितलं. बेबी ऐकून रडली, पण स्वतःचं नाव निघताच तिने डोळे पुसले. "मला काही झालेलं नाही. स्कूटर चालवते मी! तूच तर परीक्षा घेतलीस माझी."

"एकदा फक्त. माझ्यासाठी."

बेबीने सुस्कारा सोडून खुर्ची पुढे ओढली. गुडघ्याला गुडघा लावून दोघी समोरासमोर बसल्या. बेबीने डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग."

ताईने डावा हात बेबीच्या कानामागे नेला आणि बोट हळूहळू पुढे आणायला लागली. कान मागे पडला. बोट गालाशी आलं. ती बोट हलवत होती, जोरजोरात हलवत होती. नवरा उठून उभा राहिला. बेबी शहाण्या मुलीसारखी नाकाकडे बघत बसली होती.

"ताई, चहा गार होतोय," ती म्हणाली. "कर ना सुरू."