वर्षभर काहीच करायचं नाही

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये अडकले होते. बाकी सगळं नॉर्मल. एका ओळीत मात्र लिहिलं होतं, एचपीव्ही पॉझिटिव्ह. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी याचा संबंध आहे एवढं ठाऊक होतं. घर येईपर्यंत वाचत राहिले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं, आणि कॅन्सर बाजूला पडून नवराच डोळ्यांसमोर आला.

चप्पलही न काढता त्याला विचारलं, "तुझं बाहेर कुठे काही आहे का?"

तो कुकरचं झाकण लावत होता. "काय?"

मी मोबाईल पुढे धरला. त्याने दोनदा वाचलं. "नाही," एवढंच म्हणाला. नंतरचा आठवडाभर आम्ही फक्त मुलीच्या शाळेबद्दल बोललो.

बसवनगुडीच्या डॉक्टरबाई तीन पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या, बोलण्यात मधूनच कानडी शब्द. त्यांच्याकडे जाताना नवरा स्वतःहून सोबत आला.

"पेशींची तपासणी चांगली आलीय," बाई म्हणाल्या. "विषाणूचे सगळ्यात धोक्याचे दोन प्रकारही नाहीत. वर्षाने परत टेस्ट करू."

"आणि तोपर्यंत मी काय घेऊ?"

"काही नाही. या विषाणूवर औषध नाही. स्वल्प धीर धरायचा. हा रक्तात उतरत नाही, वरवरच्या पेशींमध्ये गुपचूप बसतो, म्हणून शरीराला उशिरा कळतं. कळलं की शरीरच त्या पेशी हुडकून मारतं. बहुतेक बायकांचा वर्ष-दोन वर्षांत असाच जातो. सिगारेट ओढता?"

"ऑफिसात, कधीतरी."

"ती सोडा. तेवढंच तुमच्या हातात."

नवऱ्याने घसा खाकरला. "म्हणजे माझ्याकडून आला?"

"सांगता येत नाही. तुमच्याकडून असेल, यांना लग्नाआधीपासून असेल. वर्षानुवर्षं दबून राहतो कधीकधी."

मी मान वर केली नाही. लग्नाआधी पुण्यात माझं एकाशी दीड वर्ष होतं. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला जाब विचारताना ते आठवलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

परतताना रिक्षात सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला विचारायच्या आधी हे सांगायला हवं होतंस." पुढच्या सिग्नलला रिक्षावाल्याला "अण्णा, थांबा," म्हणत तो उतरला आणि फुटपाथवरून चालायला लागला. मी हाक मारली नाही.

ते वर्षभर मला स्वस्थ बसवेना. सिगारेट त्याच दिवशी सुटली, पण तेवढ्याने भागेना. हळदीचं दूध, झिंकच्या गोळ्या, सोसायटीभोवती फेऱ्या. मीटिंग चालू असताना पोटावर हात जायचा, आत काही चाललंय का ते चाचपायला. एकदा बाईंना फोन करून नवीन काढ्याबद्दल विचारलं. त्या हसल्या. "अहो, शरीराला त्याचं काम करू द्या की!"

नवरा बोलायचा, पण जपून. मुलीच्या वाढदिवसाला आम्ही पहिल्यांदा मोठ्याने हसलो आणि दोघंही दचकलो.

वर्षाने टेस्ट केली. रिपोर्ट घ्यायला तो सुट्टी टाकून आला.

"सापडला नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे गेला कायमचा?" त्यानेच विचारलं.

"शरीराने घालवला, नाहीतर टेस्टमध्ये दिसणार नाही इतका दाबून टाकला. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत, सरी?"

पायऱ्या उतरताना मला हलकं वाटायला हवं होतं. पुढच्या तपासणीचा विचार तेव्हाच सुरू झाला होता. फाटकाशी तो थांबला.

"तो पुण्यातला... त्याने तुला त्रास दिला होता का?"

वर्षभर हेच मनात होतं त्याच्या. मी तर त्याचा राग गेला नाही असंच समजत होते.

"नाही. आपोआपच संपलं ते."

"बरं," तो म्हणाला आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेला.