वीस जीबीचे पाच वाटे

आमच्या घराण्यात कोर्टात न जाता पार पडलेली वाटणी एकच, ती कॉम्प्युटरच्या डिस्कची. कोर्टात गेली असती तर बरं झालं असतं. निदान निकाल लागेपर्यंत डिस्क तरी शाबूत राहिली असती!

तेव्हा मी मुक्त सॉफ्टवेअरची कार्यकर्ती होते. लातुरात या चळवळीचे सभासद एक आणि पत्रकं पाचशे. (उरलेली पत्रकं आई अजून डब्यांखाली घालते.) गावभर ‘चोरीच्या प्रणालीचा धिक्कार असो’ वाटायचं आणि घरी अप्पांच्या क्लासचा कॉम्प्युटर चालवणारी तीच चोरीची प्रणाली, वर व्हायरससकट! हा ढोंगीपणा मला सहन होईना. मी लिनक्स या मुक्त प्रणालीची सीडी घेऊन बसले.

त्या कॉम्प्युटरमध्ये ताईनं चार महिने खपून टाइप केलेली बारावी जीवशास्त्राची प्रश्नपेढी होती. रविवारी पहिली मोठी चाचणी होती. समोरच नवा तीनमजली क्लास उघडलेला. चाचणी हुकली की नायगाव-मुदखेडहून आलेली आमची पोरं रस्ता ओलांडणार, हे उघड होतं.

“प्रश्नपेढीला धक्का लागला तर बघ,” ताई म्हणाली.

“ताई, तुझी एक प्रत सी ड्राइव्हमध्ये आहे, एक डीमध्ये. भ्यायचं काय?”

ही दोन प्रतींची शिस्त अप्पांची. भूकंपात राहतं घर पडलेलं पाहिल्यापासून अप्पा कुठलीच गोष्ट एका खोलीत ठेवत नाहीत. भांडी एकीकडे, त्यांची झाकणं दुसरीकडे!

सीडी लावली. पडद्यावर प्रश्न आला: डिस्कचे भाग आपोआप पाडू, की तुम्ही पाडता? आपोआप? म्हणजे हुकूमशाही! मी तिथल्या तिथे घराची सभा बोलावली. नेमके त्याच दिवशी जळकोटहून थोरले काका आलेले. जमिनीच्या वाटण्या करण्यात उभी हयात गेलेला माणूस. त्यांनी खुर्ची ओढली.

“किती हाय एकूण?”

“वीस जीबी.”

“मग सोपं हाय. दहा तुह्या अप्पाला, दहा मला.”

“आणि आम्ही बायका?” मी कडाडले. “चार महिने टाइप केलं ताईनं, आणि वाटा तुम्हाला? तुम्हाला तर माउस कुठून धरायचा तेही माहीत नाही!”

“मी थोरला हाय.”

“वाटे पाचच पडतील! अप्पा, तुम्ही, आई, ताई, मी. चार-चार जीबी!”

“मला कशाला गं?” आई आतून म्हणाली. “मला त्यात काय ठेवायचंय?”

“आई, हक्क सोडायचा नाही!”

चार वाटे सुरळीत पाडले. पाचव्याला पडदा अडला. मुख्य भाग चारच पाडता येतात. जास्त हवे असतील तर एका भागाच्या पोटात आणखी पाडा. हे मी भीतभीत काकांना सांगितलं.

“मंग त्यात काय एवढं? पोटहिस्सा! सातबाऱ्यावर असतंय की,” काका खूश झाले. “पोरींना घाला पोटहिश्शात.”

“बायकांनी कायम पोटहिश्शातच राहायचं का?”

“बरं बाई, मला घाल! पर वरडू नको, लोकं जमतील.”

काका आणि अप्पा पोटहिश्शात गेले. मराठवाड्यातला हा ऐतिहासिक विजय होता, आणि मी मूठ आवळून घोषणाही दिली. एवढ्यात पडद्यावर आलं: खुद्द प्रणाली कुठे ठेवू? तिला जागाच नाही!

माणसांच्या हक्कांत मी प्रणालीला विसरले होते.

“बांधातली द्या,” काका म्हणाले. “समद्यांनी वीत-वीत सोडा.”

प्रत्येकाची वीतभर कापून प्रणालीला अर्धा जीबी जमवून दिला. पुढे जा, पुढे जा, हो, हो, खात्री आहे, दाबत गेले. अर्ध्या वाटेत पडदा थांबला. जागा संपली.

“थांबव मग,” ताई म्हणाली. “माझी डीमधली प्रत दाखव आधी.”

मी शोधलं. सी नव्हतं. डीही नव्हतं. त्यांच्या जागी पाच समान, न्याय्य आणि पूर्ण रिकामे वाटे होते.

“डी तर वायली खोली होती ना?” अप्पांनी विचारलं.

“खोल्या दोन होत्या, अप्पा... जमीन एकच होती.” मला आत्ता कळत होतं. “मी जमीनच हलवली.”

भूकंप पाहिलेल्या माणसाला आणखी समजावावं लागलं नाही.

ताई ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. उलट बोलण्यात मी तरबेज. पण ती नुसती उठली, माळ्यावरून हाताने लिहिलेल्या वह्या काढल्या आणि रविवारी पहाटेच फळ्यापुढे उभी राहिली. दोन्ही फळे भरून प्रश्न लिहिले. एकही पोर रस्ता ओलांडून गेलं नाही. उलट एक पालक म्हणाले, “समोर नुसते छापील कागद द्यायलेत. इथं बाई स्वतः लिहून देतात. मेहनत हाय!”

सोमवारी मी सीडी पुन्हा लावली आणि निमूटपणे ‘आपोआप’ दाबलं. सगळं सुरळीत झालं. ताईनं वह्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

“पान एकपासून. चुका नकोत.”

पाच महिने झाले, मी वनस्पतींच्या प्रकरणातच आहे. कॉम्प्युटर मात्र संपूर्ण मुक्त झाला. लातुरात त्या मुक्त प्रणालीची पहिली वापरकर्ती मीच, आणि पहिली कैदीही!