कुहीचे बाबा

मधुकर गेल्याचं सांगायला वहिनींचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर रुसलेलोच होतो. चार महिने आमचं बोलणं बंद होतं. पुढाकार त्याने घ्यावा म्हणून मी अडून बसलेला, आणि हा बाबा तर असा परस्पर निघून गेलेला... वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. झोपेतच." त्यांच्यापुढे रडायचा आपल्याला हक्क आहे का, हेच मला तेव्हा कळेना. दोन महिने होत आले, अजून कळलेलं नाही.

आमची ओळख एका टेपमुळे झाली, मोजणीच्या टेपमुळे. लकडगंजातलं आमचं घर पणजोबांनी इंग्रजांच्या अमदानीत बांधलं. सागवानाचा व्यापार, त्यामुळे घरात विटांपेक्षा लाकूड जास्त. भूमापन कचेरीतला माणूस म्हणून मधुकर मोजायला आला तो दिवस नेमका अक्षय तृतीयेचा. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी पाण्याच्या घागरी भरतात. त्यातली एक घागर मात्र देवघराजवळ न ठेवता मधल्या खोलीत, मयालीखाली ठेवतात. मयाल म्हणजे घर तोलून धरणारी मोठी तुळई. आई नेहमीप्रमाणे हात जोडून म्हणाली, "कुहीचे बाबा, पाणी घ्या." मधुकरच्या हातातलं टेपचं टोक खाली पडलं. "कुहीचे कोण, माय?" त्याने विचारलं. "आमचे मूळपुरुष, कुही गावचे," आई म्हणाली. पुढची मापं त्याने दोन-दोनदा घेतली.

त्यानंतर तो येतच राहिला. घराचा इतिहास लिहायचाय म्हणाला. जागा कुणाकडून घेतली, सागवान कुठल्या जंगलातलं, मिस्त्री कोण, सगळं विचारून माझं डोकं खायचा. मोडी त्याला सराईतपणे वाचता यायची. मीही फुशारून गेलो होतो, घराण्यावर पुस्तक होणार म्हणून! फक्त एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. तो उन्हाळ्यात यायचा तो भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. उन्हं तापली की आमची मयाल आवाज करते. एकदाच, कट्‌ असा. आई असेपर्यंत म्हणायची, "बाबा आले." लाकूड तापतं, फुगतं, दुसरं काय! पण तो आवाज होईपर्यंत मधुकर चहाला हात लावत नसे, आणि झाला की मान वर करून कितीतरी वेळ बघत बसे. त्याचं ते बघणं पाहून मला माझ्याच घरात भीती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात त्याने सांगून टाकलं. "प्रभाकर, तुमच्या घराण्याचा कुहीशी काही संबंध नाही गा. सारे कागद पाह्यले मी."

"मग आमचे बाबा?"

"माह्या आजाचा बाप कुहीहून लकडगंजात एका शेटच्या घरी मयाल चढवाले गेला होता. वापस नाही आला. अंगावर मयाल पडली, एवढंच घरी कळलं. घर कोणाचं, ते कोणाले माहीत नव्हतं."

"पण त्या काळी तुमच्या माणसाला घरात कोण येऊ देणार?" मी बोलून गेलो. तुमच्या! तीस वर्षांच्या दोस्तीनंतर माझ्या तोंडून 'तुमच्या' निघालं.

मधुकर हसला. "वास्तुशांत व्हाची होती ना गा. तोवर ते घर नसते, लाकूडच असते."

मग त्याने माळ्यावरची पेटी मागितली. तिच्यात बांधकामाच्या वेळचे कागद आहेत, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. "आजा तवा लहान होता. बापाचं नाव आमच्या घरी कोणालेच आठवत नाही. मले बाकी काही नको. बस, नाव पाह्यचं आहे." मी म्हणालो, पेटीला वाळवी लागली, फेकून दिली. "काहून खोटं बोलून राह्यला गा?" तो एवढंच म्हणाला आणि चपला घालून गेला. ती आमची शेवटची भेट.

खोटं का बोललो? पोरीच्या लग्नपत्रिकेवर आम्ही 'मूळ गाव कुही' छापलं होतं, चुलतभाऊ काय म्हणतील, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण लिहायला लाज वाटते. आमच्या चार पिढ्यांनी ज्याला हात जोडले, तो मधुकरच्या घरचा निघाला, हे मला सोसलं नाही. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरी पितरांचं काही उरलं नव्हतं. त्या माणसाला पाणी मिळत होतं ते फक्त आमच्याकडे, आणि तेही चुकून.

तो गेल्यावर मी पेटी खाली काढली. वाळवी नव्हतीच. कागद घेऊन महाल भागातल्या, मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींकडे गेलो. मयाल चढवणाऱ्यांची यादी निघाली. त्यांनी एकेक नाव बोट ठेवून वाचलं, आणि सगळ्यात शेवटी : "कुहीकडील असामी एक." मी म्हणालो, पुढे वाचा. ते म्हणाले, "पुढे काही नाही. नाव घातलेलंच नाही."

ती ओळ देवनागरीत उतरवून मी वहिनींकडे नेली. मधुकरच्या टेबलावर त्याच्या वह्या तशाच होत्या. वहिनींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी घालून एका वहीत ठेवला. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "असामी एक... बरं केलं भाऊजी, तुम्ही त्याहीले पेटी नाही दाखवली. हे पाहून ते खचले असते. तुम्ही वाचलं होतं, म्हणूनच नाही म्हणाले ना? मी त्याहीले म्हणत होती, भाऊजी उगाच नाही म्हणणार नाहीत."

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी केलेला चहा प्यालो आणि घरी आलो.

रविवारची ही पुरवणी वहिनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. म्हणून इथे लिहितो आहे. वहिनी, मी पेटी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.